झडतीची यादी

गडचिरोली जिल्ह्यात मी साडेतीन वर्षं काढली. आलापल्लीच्या पुढे लाकडाच्या एका जुन्या गोदामात आमची कंपनी होती. मी हवालदार, काम वायरलेस मेकॅनिकचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मोबाइल त्या भागात कुणी पाहिलेला नव्हता. जंगलात गस्तीला गेलेली पेट्रोल पार्टी आणि बेस यांच्यामध्ये जे काही होतं, ते माझ्या टेबलावरून गेलेले सेट होते.

टेबल म्हणजे दारूगोळ्याच्या दोन पेट्यांवर आडवं टाकलेलं जुनं दार. त्यावर पांढरी चादर आणि अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. ट्रेला तीस खळगे, प्रत्येकाला नंबर. सेट उघडला की निघालेला प्रत्येक स्क्रू, वॉशर, स्प्रिंग आपापल्या खळग्यात जायची आणि रजिस्टरमध्ये तिची नोंद व्हायची. सेट बंद करताना पुन्हा मोजणी. हिशोब जुळला नाही तर मी जेवायला उठत नसे.

मी मूळचा संशयी माणूस. बायको म्हणते, दूधवाल्याने नमस्कार केला तरी तुम्ही आधी त्याच्या किटलीत डोकावता. फौजेत याला कुणी दुर्गुण म्हणत नाही, त्यामुळे तो वाढत गेला.

त्या उन्हाळ्यात माझा हिशोब चुकायला लागला. पंधरा दिवसांत दोन स्क्रू, एक स्प्रिंग आणि एक क्रिस्टल गेलं. स्क्रूचं सोडा. क्रिस्टल म्हणजे नखाएवढी पत्र्याची डबी. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलणार हे ती ठरवते. ती भलत्या माणसाच्या हाती पडली तर आमचं सगळं बोलणं त्याच्या कानात. मी फरशी पुसून काढली, लोहचुंबक फिरवलं, पेट्या हलवल्या. काही मिळालं नाही. मग मी माणसांकडे बघायला लागलो.

पहिले डोळ्यांसमोर आले सलीमभाई. मूळचे चंद्रपूरचे, अहेरीच्या बाजारात घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे. स्टोअरकडून सुटे भाग यायला महिने लागत आणि सलीमभाई तारेचा तुकडा घेऊन हवी ती स्प्रिंग वळून देत. म्हणून कंपनी कमांडर साहेबांनी त्यांना मंगळवार-शुक्रवारचा गेट पास दिला होता. मला विचारलं नव्हतं, आणि ते मला लागलं होतं.

सलीमभाई बसताना टेबलाच्या कडेपासून कमरेपर्यंत एक फडकं बांधत. उडालेला भाग फडक्यात पडायचा. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले, "हवालदार भाऊ, बाह्या खाली सोडून बसत जा. आमच्या धंद्यात बाही दुमडून कोणी बसत नाई."

"ही वर्दी आहे," मी म्हणालो. "उन्हाळ्यात बाही दुमडायची ऑर्डर आहे. घडी चार बोटं. कमी नाही, जास्त नाही."

"बरं," ते म्हणाले आणि डोळ्याला भिंग लावलं. माझ्या बाहीची घडी कांजीची असायची, कडक. कंपनीत तशी दुसऱ्या कुणाची नव्हती. एका घड्याळवाल्याने तिच्यावर बोलावं याचा मला राग आला.

एका मंगळवारी गेटवर संत्रीने त्यांची पिशवी तपासली. मीच सांगून ठेवलं होतं. आत कागदाची पुडी निघाली. पुडीत टेबलाखालची धूळ, सोल्डरचे दोन थेंब आणि आमच्या सेटचा एक स्क्रू.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचाच स्क्रू शोधून राह्यलो होतो, भाऊ. टेबलाखालचा केर आम्ही कधी फेकत नाई. घरी चाळणीनं चाळतो, भिंगाखाली पायतो. शुक्रवारी आणून देणारच होतो."

"बाहेर न्यायची परवानगी कुणी दिली?"

"केर न्याले परवानगी लागते हे मले माहीत नव्हतं."

मी पास काढून घेतला. साहेबांकडे रिपोर्ट दिला. सलीमभाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि बसच्या थांब्याकडे चालत गेले. मागे वळून बघितलं नाही.

ऑपरेटर होता नायक देवू मडावी. इथलाच, भामरागडकडच्या एका गावचा. तो संध्याकाळी माझ्याकडे आला. "हवालदार साहेब, हा माणूस तसा नाई. माह्या बाबाचं घड्याळ त्याच्याकडं हाय. मी त्याले बारा वर्सापासून ओळखतो."

"ओळखीने स्क्रू परत येत नाहीत," मी म्हणालो.

त्यानंतर दोन दिवसांनी, गुरुवारी सकाळी, मडावीचा सेट माझ्यापुढे उघडा होता. शुक्रवारी तो पेट्रोलवर जाणार होता. जंगलात नेण्याजोगा चालू स्थितीतला तेवढा एकच सेट उरला होता. बोलताना दाबायच्या बटणाखाली तांदळाच्या कणीएवढी स्प्रिंग असते. बटण सोडलं की ते वर उचलायचं हे तिचं काम. बटण दाबलेलं असेल तोवर सेट फक्त बोलतो, ऐकत नाही. चिमट्यातून ती स्प्रिंग सुटली. टिक् असा आवाज आला आणि ती गेली.

खोलीत दोनच माणसं होती. मी, आणि सेट न्यायला आलेला मडावी.

एक तास शोधलं. तोही गुडघ्यांवर बसून शोधत होता. मला तेही खटकलं. एवढ्या मनापासून शोधतो म्हणजे काय? सलीमभाईंची बाजू घेणारा हाच. इथला हाच.

मी म्हणालो, "मडावी, उभा राहा. खिसे उलटे कर."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग एक शब्द न बोलता सगळे खिसे बाहेर काढले. वस्तू टेबलावर ठेवत गेला आणि मी त्या रजिस्टरमध्ये लिहीत गेलो, कारण मी सगळंच लिहितो. स्प्रिंग निघाली नाही. "जा," मी म्हणालो. तो सॅल्यूट करून गेला.

सलीमभाईंनी दहा मिनिटांत स्प्रिंग वळली असती. त्यांचा पास माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी बॉलपेनची स्प्रिंग कापून बसवली. जरा जाड होती. वीस वेळा बटण दाबून पाहिलं, वीस वेळा ते वर आलं. रजिस्टरमध्ये "सेट ठीक" लिहून सही केली.

शुक्रवारी ०७१५ ला पेट्रोल निघालं. आठ जण, पायी. १०५५ ला शेजारच्या पोस्टवरून मेसेज आला: रस्त्यावरच्या मोरीपाशी ताजं खोदकाम दिसलं, सुरुंग असावा, तिकडे कुणाला पाठवू नका. आमचं पेट्रोल त्याच मोरीकडे चाललं होतं.

"बेस टू पेट्रोल वन. जिथे आहात तिथेच थांबा. ओव्हर."

उत्तर नाही. उलट स्पीकरमधून बुटांचे आवाज यायला लागले. वाळलेला पाला, कुणाचं तरी खोकणं. सेट आपणहून बोलत होता. बटण खाली अडकलं होतं.

मी पुन्हा बोललो. पुन्हा. साहेबांनी जीप काढली, पण अंतर नऊ किलोमीटर. स्पीकरमधून मडावीचा आवाज स्पष्ट आला. "उस्ताद, बटन अटकून राह्यलं."

"चालता चालता बघ," सेक्शन कमांडर म्हणाला.

त्याने सेट बंद केला, चालू केला. पुन्हा बुटांचे आवाज. काडीने बटण उचकटायचा प्रयत्न चालला होता, खरखर ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "सलीमभाई असते तं दोन मिन्टाचं काम होतं."

मी माइक हातात धरून "थांबा, थांबा" म्हणत होतो. त्याला ते ऐकू जाणार नाही हे त्या खोलीत सगळ्यात चांगलं मलाच माहीत होतं. मला रडू आलं होतं आणि मी बोलतच होतो. ११०७ ला स्पीकर बंद पडला. स्फोटाचा आवाज त्यानंतर अर्ध्या मिनिटाने खिडकीतून आला.

दोघे जखमी झाले. मडावी जागीच गेला.

संध्याकाळी पाच वाजता कंपनीच्या आवारात मानवंदना होती. ऑर्डर आली: बाह्या पूर्ण, बटणं बंद. माझ्या अंगावर गुरुवारचाच शर्ट होता. धोबी बल्लारपूरला लग्नाला गेला होता, दुसरा शर्ट त्याच्या गाठोड्यात. रात्री शर्ट दुमडलेल्या बाह्यांसकट खुंटीला लावायचा, सकाळी तसाच चढवायचा, अशी माझी पद्धत. रांगेत उभं राहण्याआधी मी डावी बाही उलगडली. चार बोटांच्या घडीतून कणीएवढं काहीतरी बुटावर पडलं.

मी वाकून उचललं. मग रांगेत उभा राहिलो आणि मानवंदना दिली. ती संपल्यावर साहेबांसमोर जाऊन स्प्रिंग त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आधीचे भागही याच वाटेने गेले असणार; धोबी कपडे झटकूनच भिजवायचा. इन्क्वायरी झाली, मला शिक्षा झाली. ती कमीच होती असं मला आजही वाटतं.

मडावीचं सामान घरी पोचवण्यासाठी अंगावरच्या वस्तूंची यादी हवी होती. क्लार्क विचारत आला. स्फोटानंतर एक कंगवा तेवढा मिळाला होता. यादी मात्र माझ्या रजिस्टरमध्ये होती, एक दिवस आधीच्या तारखेची. मी ते पान कापून घेतलं. दुसरी यादी करायला हात उचलेना.

पानावर घड्याळाच्या चिठ्ठीची नोंद होती, म्हणून महिन्याभराने आधी अहेरीला गेलो. साधा शर्ट, बाह्या खाली. सलीमभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"मी पैल्याच दिवशी म्हटलं होतं न, भाऊ."

"हो."

"मंग ऐकलं काऊन नाई?"

त्यांनी आतून मडावीच्या वडिलांचं घड्याळ आणलं, चावी दिली, कानाला लावलं आणि माझ्या हातात ठेवलं. मी गेट पास पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

तिथून मडावीच्या गावी गेलो. त्याचे वडील अंगणात बसले होते. मराठी त्यांना जेमतेम येत होतं. मी घड्याळ आणि कंगवा दिला, आणि सवयीने पान वरपासून वाचायला घेतलं. "झडतीत निघालेल्या वस्तू. एक, कंगवा. दोन, चुन्याची डबी. तीन, घरचं पत्र. चार, एसटीचं तिकीट. पाच, घड्याळ दुरुस्तीची चिठ्ठी, सलीम, अहेरी. सहा, मोहाची वाळलेली फुलं, चिमूटभर."

"झडती काऊन?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एक स्प्रिंग हरवली होती. मला वाटलं, देवूने घेतली."

"मंग सापडली का?"

"सापडली."

"कुठी?"

"माझ्याच बाहीत."

ते माझ्या बाहीकडे बघत राहिले. मग विचारलं, "तवा तो तुमाले काई बोलला का?"

"नाही. काहीच बोलला नाही."

"तसाच होता तो," ते म्हणाले आणि घड्याळ मनगटाला बांधायला लागले. पट्टा बसेना, तेव्हा मी हात लावला. त्यांनी लावू दिला.

नायक देवू मडावी. नोकरी अकरा वर्षं. झडतीत त्याच्याकडे आक्षेपार्ह काही मिळालं नाही. ही ओळ गुरुवारी यादीखाली लिहायची राहिली होती. म्हणून आज लिहितो.