शिडी धरणारे मामा

रांजणगावच्या आमच्या कंपनीत एक मामा आहेत. कुणी वर चढलं की खाली शिडी धरायची, एवढंच त्यांचं काम. भूकंपात अख्खा शिरूर तालुका हलेल, पण मामांनी धरलेली शिडी हलणार नाही.

परवा संध्याकाळी, मामा आणि आम्ही काहीजण चहाच्या टपरीवर कंपनीच्या बसची वाट बघत असताना, मी मोबाईलवर जुना काळा-पांढरा मुका सिनेमा लावला. टोपीवाला गडी रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढतो, शिडी डुलते आणि तो धाडकन पडतो. आम्ही असे हसलो की टपरीचे पत्रे उडायचेच बाकी होते.

मामा हसले नाहीत. "खाली कोन हाय त्याच्या?"

"मामा, शंभर वर्षांपूर्वीचं आहे हे!"

"तवा मानसाला लागत नव्हतं व्हय? म्या येकदाच हात काढला हुता, तंबाखू मळाया. वरचा गडी अजून लंगडतोय. परत लाव."

त्यांनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले. मावळतीचा धुरळा सोनेरी झाला होता. शपथेवर सांगतो, पडद्यावरची शिडी डुलायची थांबली.

बस आली. "चला मामा."

"थांब जरा," मामा म्हणाले, "त्याचं पाय टेकू दे."