उघडी टाकी

आमच्या मालकिणीला मी माफ केलेलं नाही. ती जाऊन बरीच वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बोलू नये तर नये. मी बोलणार.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. घाटकोपरला टेकडीच्या अंगाला तिची छोटी चाळ होती. वर आम्ही भाडेकरू, खाली ती एकटी. नवरा वारलेला, मुलगी लग्न करून ठाण्याला. मागच्या अंगणात सिमेंटची मोठी टाकी होती, बिनझाकणाची. नळाला जे काय पाणी यायचं ते थेट त्या टाकीत जायचं आणि तिथून आम्ही बादल्या भरून जिना चढायचो. कुणी किती बादल्या न्यायच्या ते ती ठरवायची. ओट्यावर बसून टाकीकडे डोळे लावून असायची.

पाण्यात किडे वळवळायचे. आम्ही ते जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्यायचो. भर दिवसा टाकीजवळ उभं राहिलं तरी मच्छर पोटऱ्या फोडायचे. मलेरिया खात्याचा माणूस औषध घेऊन आला की मालकीण त्याला फाटकातूनच हाकलायची. "माझं पाणी नासवायला आलास काय रे?"

त्या वर्षी पाऊस सरता सरता वरच्या मजल्यावर आम्ही दोघी गरोदर होतो. मी आणि शेजारच्या खोलीतली मालवणची मुलगी. मुलगीच म्हणायची, माझ्याहून बरीच लहान. नवरा गिरणीतून सुटलेला, आता एका कारखान्यात वॉचमन. ती मला 'वयनी' म्हणायची आणि माझ्या खोलीत येऊन पोट धरून हसायची. आम्हा दोघींची पहिलीच खेप. आपल्याला काय होतंय ते एकमेकींना विचारूनच कळायचं.

एक दिवस मी मालकिणीला म्हटलं, "काकू, टाकीवर पत्रा टाका ना. आम्ही दोघी पोटुशा आहोत. मच्छर किती झालेत बघा."

"मला दिवस गेले नव्हते? ह्याच पाण्यावर बाळंत झाले मी."

"पत्रा आमचे हे आणतील. तुम्हाला काही करायला नको."

"माझ्या टाकीला हात लावायचा नाही. झाकण घातलं की कोण किती पाणी ओढतंय ते मला कसं दिसणार? एवढी नाजूक असशील तर बंगल्यात जा राहायला."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मालवणच्या मुलीला ताप भरला. असा ताप मी पाहिला नव्हता. तिला कूस बदलता येईना. "वयनी, हाडां मोडतत गे," एवढंच म्हणायची. डोळ्यांच्या मागे ठणका, अंगावर लाल पुरळ. तिचा नवरा ड्यूटीवर, म्हणून मीच तिला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्तात मलेरिया निघाला नाही. बाई म्हणाल्या, "हा दुसरा व्हायरल ताप आहे, पण मच्छरांचाच. दिवसा चावतात ते मच्छर, साठवलेल्या पाण्यात होतात. ह्यावर औषध नाही. ताप उतरायची वाट बघायची."

"आणि बाळ?" तिने विचारलं.

"बघू या," बाई म्हणाल्या.

ताप उतरला. पुरळही गेलं. मग एका सकाळी ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "वयनी, कालपासून हलूक नाय." हॉस्पिटलात नेलं. मुलगा होता, मेलेला.

ती घरी आली त्या दिवशी मालकीण कधी नव्हे ती जिना चढून वर आली. मला वाटलं, दोन शब्द बोलायला आली असेल. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "विटाळाचं म्हणून जास्तीचं पाणी मिळणार नाही हो. रोजच्याच बादल्यांत भागवा."

माझं डोकं फिरलं. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि पोट सांभाळत खाली गेले. टाकीच्या बुडाशी एक मोरी होती, चिंध्या गुंडाळलेल्या लाकडी बुचाने बंद केलेली. मी खाली बसून ते बूच ठोकून ठोकून सैल केलं आणि उपटलं. पाणी अंगणभर झालं. मालकीण धावत आली, माझी वेणी धरून ओढली. "सटवे, माझं पाणी!"

शेजारीपाजारी जमले. पण ओरडले माझ्यावर. "वहिनी, वाट लावलीत! आता भात कशात शिजवायचा?" मालवणची मुलगी गॅलरीत उभी होती. तिने नुसतं पाहिलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा भरली. पुन्हा उघडीच.

नववा लागला आणि तोच ताप मला आला. हाडं मोडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. त्या तापातच मी बाळंत झाले. मुलगी झाली, चांगली रडली. थोडे दिवस बरे गेले आणि तिलाही ताप चढला. दूध ओढेना. इवल्याशा पोटावर तेच लाल ठिपके. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी विचारत सुटले, माझा ताप हिला गेला का? एक डॉक्टर म्हणाले, असू शकेल. दुसरे म्हणाले, साधं इन्फेक्शन असेल. नाव कुणीच सांगितलं नाही. मुलगी वाचली. मालकिणीने गल्लीभर सांगितलं, पाणी सांडलं ना, ते भोवलं.

मालवणची मुलगी खोली सोडून गावी गेली. निघताना सगळ्यांकडे जाऊन आली, माझ्याकडे आली नाही. मला त्याचा राग नाही आला. माझ्या मांडीवर तान्हं होतं.

पुढच्या वर्षी मालकिणीची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. ती यायच्या आधी टाकीला बिजागऱ्यांचं पत्र्याचं झाकण बसलं. खिडक्यांना जाळ्या लागल्या. मलेरियाच्या माणसाला तर बोलावून घेऊन चहा पाजला. मुलगी धडधाकट बाळंत झाली. मालकीण पेढे घेऊन वर आली.

"नातू झाला. तोंड गोड करा."

"काकू, टाकी झाकलीत."

"झाकायला नको? पहिलटकरीण आहे पोर."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिला काही जोडताच येत नव्हतं, की जोडायचं नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. मी पेढा तिच्या ताटात परत ठेवला. म्हटलं, "मालवणला पाठवा."

"काय जीभ आहे!" म्हणत ती उतरून गेली.

आमचे हे खाटेवर पेपर वाचत होते. म्हणाले, "घ्यायचा ना एक पेढा. विषय संपला असता."

"तुमचा संपला असेल," मी म्हटलं, आणि त्याच आठवड्यात यांना बोरिवलीला खोली बघायला लावली.