जिवंतांना जागा नाही

रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर नवरा निवांत बसेल, असं बायकोला वाटलं होतं. पण रिकामं बसवेल तर तो कसला! दुकान गेलं तरी गल्लीत त्याचं नाव 'रेडिओ'च राहिलं. तर या रेडिओने पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि वंशावळींची वेबसाइट काढली. पोटापाण्यासाठी परदेशी गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांना आपली मुळं सापडावीत, एवढाच हेतू.

लोक तुटून पडले. मात्र प्रत्येकाला पूर्वज हवा तो घोड्यावर बसलेला. एकाला रेडिओने कळवलं, तुमचे पणजोबा खाटा विणायचे. उत्तर आलं, 'नीट बघा, दुसरे कोणी असतील.'

"पणजोबा बदलून मागतायत गं लोक!"

"मग द्या की," बायको म्हणाली. "जुना स्पीकर काढून नवा नव्हतात का बसवत?"

पण रेडिओ त्यातला नव्हे. खोटं नाव नाही, खोटी तारीख नाही, यावर तो अडून बसलेला. शिवाय त्याने एक नियम केला होता. फोटो आणि माहिती फक्त गेलेल्यांची. जिवंत माणसाला चव्हाट्यावर मांडायचं नाही. त्याच्या नावापाशी नुसतं करडं खोकं.

हा नियम आडवा आला तो त्याच्या आत्याला. आत्या नव्वदीला टेकलेली, मागच्या खोलीत राहायची. आई गेल्यावर धाकट्या भावाला, म्हणजे रेडिओच्या काकाला, तिनेच वाढवलं होतं. तो परदेशी गेला, तिकडेच संपला. त्याच्या नातवंडांपैकी एकाचा तरी आवाज मरण्याआधी कानावर पडावा, एवढीच आता तिची आस. नातवंडं वेबसाइटवर येत, आजोबांचा फोटो बघत आणि निघून जात. रेडिओने निरोप धाडले, त्यांना उत्तर नाही.

"माझंच खोकं रिकामं का रे?"

"आत्या, तू जिवंत आहेस."

"हा काय गुन्हा झाला? मग मार मला."

रेडिओने कानांवर हात ठेवले. आत्याने अबोला धरला. ताट वाढलं की भिंतीकडे तोंड करून जेवायची. शेवटी बायकोच म्हणाली, "मारा हो एकदाचं, माझ्याच्याने बघवत नाही."

रेडिओ कॉम्प्युटरपुढे बसला. "कालची तारीख टाकतो."

"काल नको. काल गुडघा अजिबात दुखला नाही, चांगला दिवस गेला. परवाची टाक. आणि फोटो दात असलेला लाव."

तारीख पडताच सगळ्या नातेवाइकांना सूचना गेली आणि निरोपांचा पूर आला. रेडिओ वाचून दाखवी, आत्या डोळे मिटून ऐके.

"'आमचा आधारवड कोसळला.'"

"हा कोण रे?"

"तुझ्या नणंदेचा नातू."

"चार गल्ल्या सोडून राहतो मेला, कधी उंबरा चढला नाही. बरं, पुढे वाच. छान लिहिलंय."

आणि मग तो निरोप आला. भावाच्या नातीचा. 'आजोबा सांगायचे, मला ताईने वाढवलं. तिला भेटायचं राहूनच गेलं. माझ्याशी कोणी तिच्याबद्दल बोलेल का?' खाली नंबर.

रेडिओला घाम फुटला. "आता हिला काय सांगू? वेबसाइटची अब्रू जाईल!"

"तू काही सांगू नकोस. नंबर लाव आणि इकडे दे."

पलीकडून तोडक्यामोडक्या भाषेत पोरीने विचारलं, "कोण बोलतंय?"

"जिच्यासाठी रडतेस ना, तीच."

पलीकडे किंकाळी, मग हुंदके, आणि मग पोरीने असं काही फैलावर घेतलं की बाजूला बसलेल्या रेडिओलाही एकेक शब्द ऐकू आला. असं कोणी करतं का? लाज नाही वाटत?

आत्याने फोनवर तळहात ठेवला. डोळे भरलेले, चेहरा मात्र फुललेला. "ऐकलंस? भाऊ अस्साच ओरडायचा."

रेडिओने घाईघाईने तारीख पुसली, सगळ्यांना चूक झाल्याचं कळवलं. पुन्हा करडं खोकं आलं. शोक करणारे एका झटक्यात गप्प झाले. जिवंत झाल्याबद्दल कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ती नातीची समजूत काढत होती.

"पुरे आता रडणं. उद्या पुन्हा कर फोन. आणि हे बघ, मी गेले असं हा कळवेल कधीतरी. तर लगेच विश्वास ठेवू नकोस. आधी मला विचार."