तिसऱ्या वर्गातले घर

नोंद अशी : दिनांक १४ मार्च रोजी भर दुपारी तेलगळती निवारण निधीच्या कार्यालयातील पाहणी अधिकारी बंद पेट्रोल पंपामागच्या एकमेव वस्तीच्या घरी आले, तेथे चहा प्यायले, आणि त्या चहाच्याच आधारे त्यांनी ते घर साफसफाईच्या पहिल्या वर्गातून काढून तिसऱ्यात टाकले. याविरुद्ध कोणी ब्र काढला नाही, म्हणून हे लिहून ठेवणे भाग आहे.

त्या घरात डिपमामा राहतात. हे नाव पंपावरच्या सोबत्यांनी दिलेले. जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल किती उरले हे पाहण्यासाठी नळीतून लांब काठी आत सोडतात, त्याला डिप घेणे म्हणतात. रोज सकाळी पंप उघडण्याआधी ते काम मामांचे. काठी सरळ खाली जाऊ द्यायची, तळाला टण्ण वाजली की वर काढायची आणि ओल कुठवर आली ते पाहायचे. तो आवाज ऐकल्याशिवाय मामांचे समाधान होत नसे. "काठी वाजली पाहिजे, अंदाजपंचे चालायचं नाही," असे मालक बजावत, आणि मामा ते आज्ञा मानून पाळत. वास्तविक काठी जेथे टेकते तेथे तळावर जाड पत्रा बसवायचा असतो. मालकांनी तेवढा खर्च वाचवला होता.

वर्षानुवर्षे काठी एकाच जागी आपटत राहिली. पंप बंद पडून टाकी उचलली गेली तेव्हा बाकीचा तळ धडधाकट निघाला, आणि नळीच्या बरोबर खाली नाण्याएवढे भोक.

"मामा, हा तुमच्या काठीचा प्रताप बरं का!" टाकी उचलणारा मुकादम म्हणाला. सगळे हसले. मामाही हसले. पण ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागले. मामींनादेखील त्यांनी ते कधी सांगितले नाही.

टाकी भंगारात गेली, मालक परगावी गेले, भिजलेली माती मात्र जागच्या जागी राहिली. आसपासच्या बोअरच्या पाण्याला आधी वास आला, मग बादलीत रंगीत तवंग दिसू लागला. ज्यांना जमले ते एकेक करून घर सोडून गेले. मामींना दमा; वासाने त्यांचा जीव घुसमटू लागला, तेव्हा लेक येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. मामा हलले नाहीत. गळतीची माती उपसायला सरकारी निधी आहे, हे त्यांना ठाऊक होते. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लिटरमागे थोडी रक्कम त्या निधीत जमा होते, आणि तसे कितीतरी लिटर त्यांनी स्वतःच्या हाताने लोकांच्या गाड्यांत भरले होते. नियमही त्यांनी विचारून घेतला होता. जेथे माणसे राहतात आणि त्यांचे पाणी नासले आहे ती जागा पहिल्या वर्गात, ओसाड जागा सर्वांत शेवटी. म्हणजे एक घर तरी नांदते असले पाहिजे. माती स्वच्छ झाली की मामी परत येतील. तोवर दिवा आपण लावायचा, असे त्यांनी ठरवले.

दिवसचे दिवस मामांच्या कानावर माणसाचा शब्द पडत नाही. पंपाच्या छपराखालच्या फलकावर कधीचा तरी जुना दर अडकून बसला आहे. एखादा वाहनचालक चुकून आत वळतो.

"काका, पेट्रोल आहे का?"

"आहे की! पण सगळं जमिनीत."

तो हसून निघून जातो आणि मामा धुरळा खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत उभे राहतात. संध्याकाळी मामींचा फोन येतो.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"तेच आपलं, नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे काही नाही, एवढं कळतं मला. या ना इकडे. तिथे काय खजिना पुरलाय?"

अशा घरी अधिकारी आले. मामांना कोण आनंद! मामी गेल्यापासून पालथा पडलेला दुसरा कप त्यांनी घासूनपुसून घेतला. चहा पुढे केला, तर साहेब कप नाकाजवळ नेऊन थांबले.

"घ्या हो साहेब, बिनधास्त घ्या," मामा म्हणाले. "इथल्या पाण्याचा नाही. पलीकडच्या चौकातून कॅनने पाणी आणतो. पाहुण्याला हे पाणी कसं देईन मी?"

"रोज आणता?"

"रोज. एकटा जीव, कितीसं लागतं!"

साहेब चहा प्यायले, झकास झाला म्हणाले आणि त्यांनी कागदावर लिहिले : रहिवाशाने पाण्याची पर्यायी सोय केलेली आहे, तातडी नाही. अंघोळ आणि धुणे त्याच नासलेल्या पाण्याने होते, हे त्यांनी विचारले नाही. पाहुणचाराच्या भरात मामांनाही सांगायचे सुचले नाही. तिसऱ्या वर्गाला उरलेला निधी मिळतो, आणि निधी आजवर कधी उरलेला नाही. मामांनी पाहुण्यापुढे तेच गढूळ, वास मारणारे पाणी ठेवले असते, तर आज तेथे खोदकाम सुरू असते.

निर्णय कळला त्या संध्याकाळी मामांनी मामींना सारे सांगितले. चहाचेही आणि भोकाचेही.

"काठी वाजवा म्हणणारे कुठे आहेत आता?"

"परगावी."

"मग तुम्हीच का तिथे?"

"मी उठलो तर ओसाड म्हणून लिहितील."

"आणि मी इथे तुमच्यावाचून कशी राहते, ते कुठे लिहितात?"

फोन ठेवून मामांनी दुसरा कप पुन्हा फळीवर पालथा घातला.

वाचकहो, हळहळ नको. निधीच्या कार्यालयाला तुमच्या नावाने, तुमच्या सहीने लेखी विचारा की पाहुण्याला चांगले पाणी दिल्याने जमिनीतली गळती कशी काय थांबते. ती जागा पहिल्या वर्गात परत घ्यायला लावा, आणि मामींना घरी येता येईल एवढी माती उपसून घ्या.