आमदारांचा पगार आणि मालतीअक्कांची नोटीस

“अक्का, आत गेल्यावर फक्त नोटिशीबद्दल बोलायचं. दुसरा एक शब्द नाही.” दोंडाईच्याच्या रेस्ट हाऊसच्या पायऱ्यांवर मी तिसऱ्यांदा बजावलं.

मी धुळ्याच्या कोर्टात वकिली करते. बहुतेक कामं नोकरीवरून काढलेल्यांची. मालतीअक्का शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी मदतनीस आहेत. पोरांना घरोघर जाऊन आणायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची, पोरांना परत पोहोचवायचं. बावीस वर्षं झाली. मानधन वाढावं म्हणून तालुक्यातल्या मदतनीस संपावर गेल्या. अक्का पुढे होत्या, म्हणून पहिली नोटीस त्यांनाच. ‘न कळवता गैरहजर राहिल्याबद्दल आपली सेवा समाप्त का करू नये?’

मानधन हा शब्द मोठा सोयीचा आहे. पगार म्हटलं की माणूस नोकर ठरतो. मग तो वेतनश्रेणी मागतो, पेन्शन मागतो. मानधन म्हणजे तुम्ही सेवा करताय, सरकार देईल ते घ्या. आकडा मुंबईत ठरतो. ज्यांचा असतो, त्यांना तो पेपरात वाचायला मिळतो.

आदल्या दिवशी अक्का आमदारांच्या पगारवाढीचं पेपरातलं कात्रण घेऊन माझ्या ऑफिसात आल्या होत्या.

“ताई, आमदारसना पगार कोन ठरावस?”

“आमदारच.”

त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. मी घटनेचं पुस्तक काढलं. कलम १९५. आमदारांचे पगार-भत्ते विधिमंडळानं कायदा करून ठरवायचे. म्हणजे विधेयक मांडणार ते, मंजूर करणार ते आणि पैसे घेणार तेच. आपल्या राज्यात तर त्यांचा पगार मंत्रालयातल्या बड्या सचिवाच्या पगाराशी बांधून ठेवलाय. महागाई भत्ता वाढला की आपोआप वाढतो. मागावंसुद्धा लागत नाही. एकदा निवडून आलं की आयुष्यभर पेन्शन.

“मंग टाका ना कोर्टमा केस!”

“टिकणार नाही, अक्का. घटनेनंच त्यांना तो अधिकार दिलाय.”

बावीस वर्षं खिचडी रांधलेल्या बाईला हे समजावताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. पण संताप आला म्हणून केस उभी राहत नाही. आधी त्यांची नोकरी वाचवायची होती. नोटीस काढणाऱ्या प्रकल्प अधिकाऱ्याला आमदारांनी एक फोन केला असता, तर नोटीस मागे गेली असती. म्हणून आम्ही रेस्ट हाऊसवर आलो होतो.

आमदार सोफ्यावर, भोवती कार्यकर्ते. त्यांनी नोटीस वाचली.

“हे बघतो मी. साहेबांना फोन लावतो. पण अक्का, वाढीचं माझ्या हातात नाही. आधी समिती, मग वित्त विभाग, मग मंत्रिमंडळ. प्रोसेस असते.”

मी अक्कांचा हात दाबला. उपयोग झाला नाही.

“तुमना पगारले कोनती समिती बठनी व्हती, भाऊ?”

आमदारांनी नोटीस बाजूला ठेवली.

“तो विषय वेगळा आहे. तो सभागृहाचा निर्णय.”

मग माझाही तोल सुटला. “साहेब, पगारवाढीच्या त्या विधेयकाच्या बाजूनं तुम्ही होतात का?”

“आवाजी मतदान होतं, मॅडम. त्यात नावं लिहीत नाहीत.”

खरं आहे ते. अध्यक्ष विचारतात, सदस्य ‘होय’ म्हणून ओरडतात आणि विधेयक मंजूर. कोण ओरडलं, याची नोंद राहत नाही.

“कागदावर नसेल. पण तुम्ही ओरडलात की नाही, हे तुम्हाला माहीत असेलच ना?”

“मॅडम,” त्यांचा पीए पुढे आला, “साहेबांना लग्नाला जायचंय.”

फोन झाला नाही. बाहेर आल्यावर मी अक्कांवर चिडले. “नोकरी घालवलीत तुम्ही!”

“गई ते जाऊ द्या,” त्या पदर सावरत म्हणाल्या. “ईचारी तं लिधं.”

वकील मी होते आणि तो प्रश्न त्यांनी विचारला होता.

चार दिवसांनी प्रकल्प अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली. मी एकच कागद ठेवला. संपावर जाणार असल्याचं, पंधरा दिवस आधी अक्कांनी स्वतः दिलेलं पत्र. त्यावर त्याच कार्यालयाचा पोचशिक्का होता.

“न कळवता कसं म्हणता, साहेब? शिक्का तुमचाच आहे.”

त्यांनी कागद उलटसुलट केला. “नोटीस काढा, असं वरून सांगितलं होतं हो,” हळूच म्हणाले. पण नोटीस मागे घेतली, तीही लेखी. दुसऱ्या दिवशी अक्का कामावर हजर झाल्या. मानधनवाढीची फाईल मात्र अजून विचाराधीन आहे. समितीची बैठक व्हायची आहे म्हणे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या वकिलांना मी एवढंच सांगते. कायद्यात काय लिहिलंय ते वाचाच. पण तो लिहिताना खोलीत कोण बसलं होतं आणि कोणाला बाहेर उभं ठेवलं होतं, तेही विचारा.