डवऱ्यावर घातलेला ट्रक

दिलीपनं लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक घेतला आणि त्याच संध्याकाळी खोपोलीच्या हॉटेलात चहा पिता पिता ठरलं, की या मे महिन्यात डांबर सोडून गाड्या घालायच्या. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही सहाजण एकाच कारखान्यात कामाला आणि सहाही जणांना गाड्यांचं वेड. ट्रक दिलीपचा, एक जीप श्रीकांतच्या वडिलांची, दुसरी आम्ही तिघांनी भागीत घेतलेली, जी उतारावर उभी केली तरच चालू व्हायची. हल्ली शनिवार-रविवारी कर्जतकडे अशा मोहिमा निघतात आणि तरुण मुलं मला जुनी वाट विचारतात. वाट सांगतो. पण तिथे काय झालं तेही सांगणार, आणि ते मला अजून शांतपणे सांगता येत नाही.

वाट शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कर्जतजवळच्या दहिवलीचा आणि माझ्या मामांचं गाव कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे माझी माणसं अजून राहतात. एप्रिलमध्ये मोटरसायकलवरून तो सगळा भाग पाहून आलो. तिथला ओढा उन्हाळ्यात पार आटतो. मोठमोठ्या गोट्यांचं पात्र, दोन्ही अंगाला करवंदीच्या जाळ्या, आणि मध्ये एक खडा चढ, जिथे चारही चाकांना ताकद मिळाल्याशिवाय गाडी वर सरकणार नाही. आम्हाला हवं होतं ते सगळं एका ठिकाणी.

फक्त ओढ्याच्या वळणावर डवरा होता. वाळूत कमरेइतका खोल खणलेला खड्डा, कडेनं दगड रचलेले. रात्रभर त्यात पाणी पाझरायचं आणि सकाळी बायका वाटी-वाटीनं हंडे भरायच्या. बौद्धवाडीचं उन्हाळ्यातलं पिण्याचं पाणी म्हणजे तेवढंच. वर गावात ग्रामपंचायतीची बारमाही विहीर होती, पण आमच्या बायकांना तिच्यावर येऊ देत नसत. माझ्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला, अस्पृश्यताबंदीचा कायदा तर त्याच्याही आधीचा. विहिरीवर मात्र आजोबांच्या वेळी जे होतं तेच चालू होतं, आणि आमची थोरली माणसं त्यावर बोलायचं टाळायची.

राहीमामीला मी गाड्यांचं सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, गाड्या डवऱ्याकडे येणार का. नाही म्हणालो. मग दोघांनी मिळून वळणाच्या बऱ्याच अलीकडून काठापर्यंत दगडांना चुना फासला. तिथून गाड्या काठावर चढणार, मामाच्या शेताला वळसा घालणार आणि पुढे पुन्हा ओढ्यात उतरणार. खोपोलीला परतल्यावर मी सगळ्यांना नकाशा काढून दाखवला. डवऱ्याचं दोनदा सांगितलं. दिलीप हो हो म्हणाला.

उजाडता उजाडता खोपोली सोडली. खालापूर, चौक, मग कर्जतचा फाटा. आता हा रस्ता गुळगुळीत आहे. तेव्हा समोरून एसटी आली की कडेला उतरावं लागायचं. कर्जत स्टेशनबाहेर वडापाव खाल्ले आणि टाक्या काठोकाठ भरून घेतल्या, कारण पुढे पंप नव्हता. खर्च सहाजणांत वाटला. त्यातला बहुतेक इंधनाचाच. कडाव मागे पडलं तसं ऊन चटकायला लागलं. कशेळ्याला पेज नदी लागते. वीजघराचं पाणी तिच्यात सुटत असल्यानं ती मे महिन्यातही वाहते. उन्हाळ्यात जाणार असाल तर पिण्याचं पाणी घरूनच न्या आणि डुंबायचं असेल तर इथेच डुंबून घ्या.

गावात पोचेपर्यंत तिन्ही गाड्यांचे रेडिएटर तापले होते. विहिरीपाशी तात्या उभे होते. गावातले मोठे शेतकरी, पंचायतीत त्यांचा शब्द चालायचा. गाड्या पाहून ते खूश झाले. त्यांनी स्वतः दोर आणि बादली आणून दिली. रेडिएटर भरले, मंडळींनी तोंडं धुतली, एकानं तर दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या. मी बादलीसाठी हात पुढे केला तेव्हा तात्यांनी ती माझ्या अंगावरून श्रीकांतच्या हातात दिली. मी कुणाचा भाचा हे त्यांना ठाऊक होतं. श्रीकांतच्या लक्षात आलं नाही. मी जाऊन जीपमध्ये बसलो.

ओढ्यात पुढची जीप मी चालवत होतो. गोट्यांवरून हेंदकाळत, पहिल्या गिअरमध्ये, चुन्याच्या दगडांपाशी आलो आणि काठावर चढलो. मागोमाग श्रीकांतची जीप चढली. मी शेताच्या बांधावर थांबून ट्रकची वाट बघत होतो. ट्रक आला नाही. खालून इंजिनाचा आवाज वाढत गेला आणि मग लोखंड दगडावर आपटल्याचा एक जाड आवाज झाला.

धावत खाली गेलो. दिलीपनं एकाला कॅमेरा देऊन खडकावर उभं केलं होतं आणि चुन्याची खूण सोडून ट्रक सरळ वळणावर घातला होता. पुढचं एक चाक डवऱ्यात होतं. कडेच्या दगडावर आपटून ऑइलचं चेंबर फुटलं होतं, आणि काळं ऑइल धार लागून डवऱ्यात पडत होतं. पाण्यावर त्याचा तवंग पसरत गेला.

दिलीप खाली उतरला, वाकून चेंबर बघितलं आणि म्हणाला, "वाळूच आहे रे. पुन्हा खणून देऊ." मग खडकाकडे मान वर करून विचारलं, फोटो आला का.

मी त्याची कॉलर धरली. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. श्रीकांतनं आम्हाला सोडवलं नसतं तर मी त्याला त्या ऑइलमध्ये बुडवला असता, आणि आज विचारलंत तर त्यात मला काही गैर वाटत नाही.

आवाज ऐकून वाडीतल्या बायका आल्या. राहीमामी डवऱ्याच्या कडेला बसली, ओंजळ बुडवली, नाकाशी नेली आणि हात वाळूला पुसला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दोन्ही जीप लावून ट्रक मागे ओढला. ऑइलची वाळू फावड्यानं उपसली, तरी वास जाईना. वरच्या अंगाला नवा खड्डा घेतला तर खाली कातळ लागला. दुसरीकडे खणलं, तिथेही कातळ. दिलीप एव्हाना आंब्याच्या सावलीत बसून ट्रक कसा न्यायचा याचा विचार करत होता. श्रीकांत म्हणाला, पिंपं घेऊ, पेजवर जाऊ, जीपमधून पाणी आणून टाकू. मलाही ते पटलं.

मामी म्हणाली, "आज जीप हाय. उद्या कशातनं आनू रं?"

मग तिनं घरून हंडा आणि म्हशीचा दोर आणला आणि गावाकडे चालायला लागली. जीपमध्ये बस म्हटलं, बसली नाही. तिच्या मागून वाडीतल्या चार-पाच बायका निघाल्या, आणि त्यांच्या मागे मी आणि श्रीकांत.

विहिरीवर तात्या होतेच. त्यांनी विचारलं, "राही, तुमचा डवरा हाय ना खाली?"

"व्हता. तुमच्या पावन्यांनी फोडला."

तात्यांनी आवाज चढवला नाही. बसून बोलू, पंचांना विचारू, आजचा दिवस कसंतरी भागवा, असं समजुतीच्या सुरात सांगत राहिले. त्या सुराचा मला जास्त संताप आला. एवढ्यात श्रीकांत पुढे झाला आणि म्हणाला, द्या दोर, मी काढून देतो सगळ्यांना. तात्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. त्यांनी लगेच बादली त्याच्यापुढे केली.

मामीनं ती मध्येच धरली. "तुमी नको," ती श्रीकांतला म्हणाली. मग तात्यांकडे वळली. "सकाळी हितं गाड्या पानी पिल्या. आमी मानसं हाव. मी काडते."

तिनं स्वतःचा दोर बांधला आणि बादली आत सोडली. माणसं जमली होती. एक म्हातारा उठून निघून गेला. तात्यांच्या घरच्या बाईंनी आपल्या कळशा उचलून लांब नेऊन ठेवल्या. कुणी हात धरला नाही. मामीनं हंडा भरला, शेजारणीच्या डोक्यावर दिला आणि पुन्हा बादली सोडली. तिचे हात स्थिर होते.

आम्ही संध्याकाळी परत निघालो. दिलीपचा ट्रक गावातच राहिला, नंतर कधीतरी त्यानं तो ओढून नेला. दोघं श्रीकांतबरोबर, दोघं माझ्या जीपमध्ये. दिलीप श्रीकांतच्या गाडीत बसला, माझ्या गाडीत मी त्याला घेतला नसता.

त्या पावसाळ्यात मामांना गावात लावणीचं काम कुणी दिलं नाही. ते पार कळंबपर्यंत जायचे कामाला. काही दिवस विहिरीच्या वाटेवर काट्या टाकलेल्या असायच्या. मामी त्या बाजूला करून रोज जायची. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काट्या थांबल्या, तरी वाडीच्या बायकांची वेळ वेगळी राहिली, आणि ती वेगळी वेळ जायला आणखी बरीच वर्षं लागली.

दिलीपशी माझं बोलणं कामापुरतं उरलं. तो निवृत्त झाला तेव्हा कॅन्टीनमध्ये कार्यक्रम होता. भाषणात त्यानं त्या मोहिमेचा किस्सा सांगितला. चढ, ट्रक, फुटलेलं चेंबर. सगळे हसले. मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, झालं ते बरंच झालं म्हणायचं, आमच्या त्या उद्योगामुळे गावातली विहीर सगळ्यांना खुली झाली. टाळ्या पडल्या.

मी उभा राहिलो. म्हणालो, "तुझ्या ट्रकनं पाणी नासवलं, दिलीप. विहीर माझ्या मामीनं उघडली, आणि त्याची किंमत माझ्या मामानं दिली. तू सावलीत बसला होतास."

टाळ्या पडल्या नाहीत. मी एसटी धरून दहिवलीला आलो. मामी तेव्हा आमच्याकडे आली होती, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. तिला सांगितलं मी काय बोललो ते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तवाच बोलाया पायजे व्हतं कुनीतरी, तिथं, त्या तात्याम्होरं." मग पट्टी बांधलेल्या डोळ्यांनीच कूस बदलून झोपली.