पाठीवरची पिवळी पट्टी

मी खोटं फार चांगलं बोलते. हे अभिमानाने सांगत नाही, पण फार लाजूनही सांगत नाही. काही जणींना पुरणपोळी जमते, मला हे जमतं. अडचण एवढीच झाली, की दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी बोललेलं एक खोटं माझ्या मैत्रिणीच्या पाठीवर जाऊन चिकटलं. अक्षरशः चिकटलं. तिच्या हवेच्या सिलिंडरवर, पिवळ्या टेपची पट्टी होऊन.

आम्ही दोघी वेरिबीत, म्हणजे पार दक्षिण गोलार्धात, एकाच रस्त्यावर राहतो, मध्ये चार घरं सोडून. ती पुण्याची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. मी डोंबिवलीची, दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते आणि त्याचा मला पगार मिळतो. पंचेचाळिशीला आल्यावर तिच्या डोक्यात आलं, की स्कूबा डायव्हिंग शिकावं. ती शिकतेय म्हटल्यावर मी मागे कशाला राहीन? दोघींनी कोर्स केला. तिला डायव्हिंग आलं, मला सर्टिफिकेट आलं.

मग आम्ही एका ग्रुपबरोबर जायला लागलो. दहा-बारा जण, रविवार सकाळ, खाडीच्या पलीकडच्या तोंडाला असलेला एक लाकडी धक्का. आमच्याकडून गाडीने दोन तास. ग्रुपचा म्होरक्या म्हणजे एक निवृत्त प्लंबर. तो कधी रागावत नाही, फक्त नीट समजावून सांगतो. ते जास्त लागतं.

दर हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जूनमध्ये, या धक्क्याखाली खेकडे येतात. लांब तंगड्यांचे, नारिंगी, हजारोंनी. जुनं कवच टाकून नवं घालायला ते उथळ पाण्यात एकमेकांच्या अंगावर ढीग करून बसतात. त्या वर्षी खेकडे बघायला ग्रुपला घेऊन खाली जायचं काम प्लंबरने माझ्या मैत्रिणीला दिलं होतं. सगळ्यांच्या पुढे ती. वर्षभर ती याची वाट बघत होती. नवा टॉर्च घेतला होता आणि तो मला तीनदा दाखवून झाला होता.

त्याच्या दोन रविवार आधी मी घोळ घातला. आम्ही दोघी खाली होतो आणि माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. थोडंसंच, चहाचा चमचाभर असेल. पण समुद्राचं चमचाभर गार पाणी नाकाशी आलं की माणसाला आपली सगळी कर्मं आठवतात. डायव्हिंगचा पहिला नियम असा, की जोडीने खाली जायचं आणि जोडीनेच वर यायचं. मी जोडीला तिथेच सोडलं आणि पाय झाडत वर आले. खोली किती? पाच मीटर. आमच्या दुमजली घराएवढीसुद्धा नाही.

ती खाली मला शोधत बसली. तेवढ्यात मी धक्क्यावर चढून, प्लंबरला सांगूनसुद्धा टाकलं, की ती एकटीच पुढे पोहत गेली, मी शोधलं, सापडली नाही, म्हणून नियमाप्रमाणे वर आले. नियमाप्रमाणे हा शब्द मला तेव्हा फार आवडला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

ती वर आली तर प्लंबर उभाच होता. सगळ्यांसमोर त्याने तिला समजावलं. "मेट, यू नेव्हर लीव्ह युअर बडी." तिने माझ्याकडे बघितलं. मी बुटाची चेन काढण्यात अतिशय गढून गेले होते. मला वाटलं, आता ही बोलणार. ती म्हणाली, "सॉरी, माय मिस्टेक."

त्या दिवशी तिच्या सिलिंडरवर पिवळी पट्टी लागली. नवख्यांना लावतात ती, म्हणजे पाण्यात सगळ्यांनी त्यांच्यावर लक्ष ठेवावं. पुढे जायचं काम दुसऱ्या एका बाईंना मिळालं. परतीचे दोन तास ती रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्या ऐकत राहिली. मी दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी करून तिच्याकडे डबा पाठवला. डबा धुऊन, पुसून, रिकामा परत आला. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. निदान साखर तरी घालतात. तो रिकामा डबा ओट्यावर बघून मला रडू आलं, आणि मग तिचाच राग आला. एवढं होतं तर तिथेच बोलायचं होतं ना.

दोन आठवडे हे असंच. आणि शुक्रवारी मेसेज: "रविवार. साडेसहा. तुझी गाडी." मी त्याच मिनिटाला ठरवलं, की रविवारी प्लंबरला खरं सांगून टाकायचं. डाइव्ह झाल्यावर. आधीच कशाला सगळ्यांचा मूड घालवा?

रविवारी पहाटे मी खोबरेल तेल मायक्रोवेव्हमध्ये पातळ केलं आणि डोक्याला चोपडलं. डायव्हिंगची टोपी जाड रबराची असते, कानावरून ओढताना निम्मे केस घेऊन जाते. उरलेलं तेल तोंडाला लावलं, कारण थंडीत गाल फुटतात. आमच्या आईने पाचही भावंडांना असंच तेल फासून शाळेत पाठवलं, कोणाचं काही बिघडलं नाही. माझी लेक पाणी प्यायला उठली होती. म्हणाली, "मम, यू स्मेल लाइक अ कोकोनट," आणि झोपायला गेली.

मैत्रीण गाडीत बसली, पट्टा लावला आणि तिने नाक वर केलं.

"तोंडाला तेल लावलंयस?"

"थोडंसं."

"मास्क बसणार नाही."

"बसेल गं."

"ठीक आहे," ती म्हणाली. पुणेरी ठीक आहेचा अर्थ काय होतो, हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे. माझा नवराही पुण्याचाच.

अर्ध्या वाटेवर मला राहवेना. "माझ्याबरोबर कशाला येतेस मग? दुसरी जोडीदारीण बघायचीस."

"दुसरी कशी वागेल ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुझं माहितीये."

"मग तेव्हा सगळ्यांसमोर का नाही बोललीस?"

"चारचौघांत आपल्या माणसाला खोटं पाडत नाही कोणी. घरी बोलणार होते. मग घरी बोलायचीच इच्छा झाली नाही." आणि तिने रेडिओ लावला.

धक्क्यावर वारा असा होता, की सूटमध्ये घुसण्याआधीच बोटं वाकेनात. बाकीचे रबराच्या टोप्यांशी झटापट करत असताना माझी टोपी एका दमात सरकन बसली. मी विजयी मुद्रेने मैत्रिणीकडे बघितलं. ती वाकून सिलिंडर पाठीवर घेत होती. प्लंबर प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवून नळ्या तपासत आला, आणि तिच्या पट्टीवर बोट टेकवून म्हणाला, "स्टे क्लोज धिस टाइम, लव्ह." ती हसून हो म्हणाली. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण मग त्यात हवेची नळी घातली.

पाणी कपाळाला लागलं तेव्हा डोकं बधिर झालं. नंतर सूटमध्ये शिरलेलं पाणी अंगाच्या उबेने जरा बरं झालं आणि आम्ही खाली उतरलो. धक्क्याचे खांब, त्यांच्यावरचं रंगीत शेवाळ, हिरवट उजेड. माझ्या पुढे तिची पाठ, आणि पाठीवर ती पिवळी पट्टी. मी डावीकडे बघितलं तरी दिसायची, उजवीकडे बघितलं तरी दिसायची. सगळ्यांच्या पुढे त्या दुसऱ्या बाई टॉर्च घेऊन चालल्या होत्या, आणि त्यांचा टॉर्च साधाच होता.

मग खेकडे आले. म्हणजे ते होतेच, आम्ही आलो. तळ दिसत नव्हता, नुसत्या तंगड्या. एकावर एक चढलेले, कोणी कवच टाकून मऊ पडलेला, कोणी दुसऱ्याच्या डोक्यावर पाय ठेवून निघालेला. सोसायटीच्या वार्षिक सभेत असते तशी गर्दी, फक्त आवाज नाही. मी खूष होऊन हसले. पाण्याखाली हसलं की गाल वर जातात. गालांना तेल होतं. मास्क अलगद वर सरकला आणि समुद्र आत आला.

या वेळी चमचाभर नाही, डोळे बुडतील इतका. समोरचं सगळं धूसर झालं, नाकात बर्फ गेल्यासारखं झालं, आणि माझे पाय आपोआप झाडायला लागले. मी अंगठा वर केला. वर जायचं, आत्ता. कोणीतरी माझ्या जॅकेटचा पट्टा घट्ट धरला. धूसर पाण्यातून मला तिचा दुसरा हात दिसला. उघडा पंजा, खांद्याच्या वर उचललेला. देऊ का एक?

ही खूण डायव्हिंगच्या पुस्तकात नाही. पण लहानपणी मराठी घरात वाढलेल्या माणसाला ती पाण्याखालीसुद्धा कळते. मी जागच्या जागी गप्प झाले. तिने आपल्या मास्कची वरची कड दाबून दाखवली, मान वर केली, नाकातून फुंकर मारली. मी तसंच केलं. पाणी निघालं. दोन मिनिटांत परत भरलं, परत काढलं. त्या डाइव्हमध्ये मी आठ-नऊ वेळा नाक शिंकरलं, आणि तिने पट्टा एकदाही सोडला नाही. खेकडे मी पाहिले ते असे, शिंकरण्याच्या मधल्या वेळात. तिने तर पाहिलेच नाहीत, ती माझ्याकडे बघत होती. ती वर्षभर थांबली होती ते यासाठी, या विचाराने मला पाण्यात रडायला आलं. मास्कमध्ये आणखी पाणी झालं.

वर आम्ही जोडीने आलो.

गाड्यांपाशी सगळे कुडकुडत चहा पीत होते. मैत्रिणीने थालीपिठाचा डबा उघडला. मी अजून ओल्या सूटमध्येच होते. दात वाजत होते, म्हणून मी मोठ्याने बोलले, नाहीतर परत राहून गेलं असतं. "लास्ट टाइम शी डिडन्ट लीव्ह मी. आय लेफ्ट हर. देन आय लाइड."

प्लंबरने कप खाली ठेवला. "राइट," तो म्हणाला. तिच्या सिलिंडरची पट्टी त्याने नखाने सोलून काढली, आणि नवीन रोल आणून माझ्या सिलिंडरला दोन वेढे दिले. मग तिला म्हणाला, की पुढच्या रविवारी सगळ्यांना खाली तीच घेऊन जाईल.

मला वाटलं होतं, ती गळ्यात पडेल. ती पुटपुटली, "चारचौघांत कशाला बोललीस? झाकली मूठ सव्वा लाखाची होती. आता माझी मैत्रीण कशी आहे, ते सगळ्यांना कळलं."

हे मला फार लागलं. कारण पट्टी, टॉर्च, पुढे जाणं, यांतलं काहीच ती जपत नव्हती. ती मला जपत होती.

प्लंबर सगळ्यांकडे वळला. पट्टीवाल्याबरोबर एक अनुभवी माणूस लागतं, तेव्हा पुढच्या वेळी हिच्याबरोबर कोण उतरणार, असं त्याने विचारलं. कोणी पायात घालायचे रबरी पंख झटकायला लागलं, कोणी गाडीची किल्ली शोधायला. मैत्रीण सगळ्यांच्या पुढे जाणार, तिला तर ते शक्यच नव्हतं, पुढे जाणारी मोकळी लागते. मी जमिनीकडे बघत उभी राहिले. वाऱ्याशिवाय कसलाच आवाज येईना, म्हणून शेवटी मान वर केली. तिच्या तोंडात थालीपिठाचा भलामोठा घास होता. बोलता येत नव्हतं, म्हणून तिने माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला होता.